कोयोटच्या शिकारीसाठी रायफलचे कॅलिबर कसे निवडावे?

प्रश्न थोडक्यात असा आहे: पश्चिम टेक्सासमध्ये, सॅन अँजेलोच्या बाजूला, मित्राच्या कुरणावर मेंढ्या-शेळ्यांमागे कोयोट लागले आहेत. घरात हरणासाठी घेतलेली .३०८ विंचेस्टर आहे. तिनेच भागेल, की वेगळी रायफल घ्यावी? घ्यायची तर .२२३, .२२-२५०, .२०४ की .२४३? आणि एच-१बी व्हिसावर असणाऱ्याला बंदूक जवळ ठेवता येते का?

आधी निकाल सांगतो, कारणे मागून. .२२३ रेमिंग्टनची बोल्ट-अ‍ॅक्शन (हाताने कडी मागे-पुढे करून काडतूस भरायची) रायफल घ्या. नळीचा ट्विस्ट, म्हणजे गोळीला फिरवणारा आतला पीळ, ९ इंचांत एक फेरा किंवा ८ इंचांत एक फेरा असावा. गोळी ५० किंवा ५५ ग्रेनची, प्लास्टिकच्या टोकाची आणि झिरो, म्हणजे नेम धरला तिथेच गोळी लागते ते अंतर, २०० यार्डांवर. कुरण अगदी उघडे असेल, नेम २५० ते ३०० यार्डांवर धरावा लागणार असेल आणि वारा पाठ सोडत नसेल, तर .२२-२५० रेमिंग्टन. .३०८ ने कोयोट मरतो, पण या कामाला ती गैरसोयीची आहे.

पुढे वाचताना एक भेद लक्षात ठेवा. काडतूस म्हणजे पितळी कवच, दारू, ती पेटवणारा प्रायमर आणि गोळी मिळून अख्खा नग. गोळी म्हणजे फक्त नळीतून बाहेर जाणारा तुकडा. वजन ग्रेनमध्ये मोजतात. ५५ ग्रेन म्हणजे साधारण साडेतीन ग्रॅम.

कॅलिबर ठरवण्याआधी जनावर नीट समजून घ्यावे. कोयोट आपल्याकडच्या कोल्ह्यापेक्षा थोडा मोठा आणि लांडग्यापेक्षा बराच लहान. पश्चिमेकडच्या रानातला नर बहुधा ९ ते १६ किलो भरतो. ईशान्येकडच्या राज्यांत तो याहून मोठा होतो. हिवाळ्यात अंगावर दाट केस असतात, त्यामुळे तो आहे त्यापेक्षा मोठा दिसतो आणि नेम चुकण्याचे पहिले कारण तेच असते. हृदय आणि फुप्फुसे मिळून नेम धरायची जागा जेमतेम ४ ते ५ इंचांची. गोळी तिथे लागली तर लहान कॅलिबरही पुरते. ती ४ इंच मागे पोटात गेली, तर .३०८ लागूनही जनावर झुडपांत शिरते आणि तासन् तास तडफडून मरते. कोयोट कळपाचे नुकसान करतो म्हणून त्याला असे मरू द्यावे, हे मला मान्य नाही. म्हणून माझी निवड एकाच प्रश्नाने होते: कोणत्या काडतुसाने तुम्ही ४ इंचांच्या जागेत खात्रीने गोळी घालाल आणि ती आत जाऊन काम करेल?

यातला "आत जाऊन काम करेल" हा भाग लोक विसरतात. कॅलिबरवरून तासभर वाद घालतात आणि दुकानात जे खोके हाती येईल ते उचलतात. खरे तर .२२३ आणि .२२-२५० दोन्हींतून ०.२२४ इंच व्यासाचीच गोळी जाते. फरक मागच्या दारूत: पहिल्यात सुमारे २५ ग्रेन, दुसऱ्यात ३५ च्या वर. जनावराच्या अंगात काय होते हे मात्र गोळीची बांधणी ठरवते.

कोयोटसाठी वापरतात ती पातळ आवरणाची, टोकाला पॉलिमरची चुंच बसवलेली गोळी: हॉर्नेडीची व्ही-मॅक्स, नॉस्लरची बॅलिस्टिक टिप, सिएराची ब्लिट्झकिंग. टोक आत ढकलले जाते, शिसे पसरते आणि गोळीचे छातीतच तुकडे होतात. पलीकडे बाहेर पडायचे छिद्र बहुधा राहत नाही, निदान मोठे तरी नाही. जनावर जागेवर कोसळते आणि कातडे वाचते. जमिनीवर आपटली तरी अशी गोळी फुटते, त्यामुळे उसळून भलतीकडे जाण्याचा धोका कमी होतो. मेंढ्या आणि माणसे असलेल्या कुरणावर याला मोठी किंमत आहे.

पण याच गोळीची एक खोड आहे. ४० ग्रेनची हलकी गोळी .२२-२५० मधून ४,००० फूट प्रति सेकंदाच्या आसपास निघते. कोयोट ४० यार्डांवर असेल आणि गोळी खांद्याच्या हाडावर बसली, तर ती वरच्यावर फुटते. बाहेर तळहाताएवढी जखम, आत फुप्फुसाला धक्का नाही. जनावर उठून पळते आणि दोष .२२ कॅलिबरला दिला जातो. यावर उपाय दोन. गोळी ५० किंवा ५५ ग्रेनची घ्या आणि नेम खांद्यावर नको, खांद्याच्या किंचित मागे धरा. जनावर तिरके उभे असेल तर ५५ ग्रेनची जरा जाड आवरणाची सॉफ्ट पॉइंट (टोकाला शिसे उघडे असलेली) गोळी अधिक भरवशाची.

फुल मेटल जॅकेट, म्हणजे पूर्ण तांब्याने मढवलेली लष्करी धर्तीची गोळी, स्वस्त पडते म्हणून घेऊ नका. बरेचदा ती सुईसारखी आरपार जाते, कोयोट पळतो आणि हाती लागत नाही. जमिनीवरून उसळतेही जास्त. काही राज्यांत शिकारीला तिच्यावर बंदीच आहे.

आता एकेक काडतूस.

.२२ लाँग रायफल या कामातून बाद. .१७ एचएमआर २००२ मध्ये आले. फार अचूक, आवाज कमी. पण १७ ग्रेनची गोळी २,५५० फुटांच्या वेगाने निघाली तरी नळीच्या तोंडाशी ऊर्जा फक्त २४५ फूट-पाउंड (ऊर्जेचे माप), १०० यार्डांवर सुमारे १३५ आणि २०० यार्डांवर जेमतेम ७०. शिवाय ताशी १० मैलांचा आडवा वारा तिला १०० यार्डांवरच सुमारे ३ इंच ढकलतो. पिंजऱ्यात किंवा सापळ्यात सापडलेल्या, नाहीतर ७०–८० यार्डांवर निवांत उभ्या जनावरापलीकडे तिचा भरवसा धरू नये. .२२ मॅग्नम किंचित बरे, तरी १०० यार्डांच्या आतलेच.

.२२ हॉर्नेट जुने आणि शांत काडतूस आहे. घरांजवळ, दीडशे यार्डांच्या आत, ३५ ग्रेनच्या गोळीने ते नीट काम करते. आधीपासून घरात असेल तर वापरा, नवे घेण्याइतके कारण नाही.

.१७ रेमिंग्टन (१९७१) आणि .२०४ रुगर (२००४) ही कातड्याची काळजी करणाऱ्यांची काडतुसे. .२०४ मधून ३२ ग्रेनची गोळी ४,२२५ फुटांच्या वेगाने निघते, ३०० यार्डांपर्यंत जवळजवळ सरळ जाते आणि खांद्याला बसणारा धक्का इतका कमी की गोळी लागताना स्कोपमध्ये (नेमाच्या दुर्बिणीत) दिसते. आत शिरायचे छिद्र बारीक, बाहेर पडायचे बहुधा नाहीच. मात्र ३२ ऐवजी ४० ग्रेनची गोळी घ्यावी. कोयोटच्या छातीला ३२ ग्रेन कधी कधी कमी पडते. .२०४ ची खरी अडचण दुकानात आहे. गावाकडच्या दुकानात ती काडतुसे असतीलच असे नाही, .१७ रेमिंग्टनची तर क्वचितच.

आणि पश्चिम टेक्साससाठी कातड्याचा मुद्दा तसा दुय्यम आहे. भाव मिळतो तो माँटाना, वायोमिंग, डकोटा इथल्या फिकट, दाट केसांच्या कातड्यांना, तोही नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या हंगामात. दक्षिणेकडची कातडी पातळ असतात. त्यात कोटाच्या टोपीला कोयोटची झालर लावणाऱ्या कॅनडा गूस कंपनीने २०२१ मध्ये फर सोडण्याचे जाहीर केले. तुमचा प्रश्न कळप वाचवण्याचा असेल, तर कातड्यासाठी दुर्मीळ काडतूस घेऊन बसू नका.

.२२३ रेमिंग्टन १९६० च्या दशकात आले आणि आज अमेरिकेत सर्वांत सहज मिळणाऱ्या रायफल काडतुसांपैकी आहे. ५५ ग्रेनची गोळी ३,२४० फुटांच्या वेगाने निघते. ऊर्जा तोंडाशी सुमारे १,२८०, २०० यार्डांवर ७६० आणि ३०० यार्डांवर ५७५ फूट-पाउंड. कोयोटला २०० यार्डांवर एवढी पुरून उरते. धक्का नगण्य आणि काडतूस स्वस्त असल्यामुळे सराव मनसोक्त होतो. मी .२२३ सुचवतो ते सर्वांत जास्त या सरावासाठी. वर्षाला पाचशे गोळ्या झाडलेला .२२३ वाला, हरणाच्या हंगामाआधी दहा गोळ्या झाडणाऱ्या .२४३ वाल्यापेक्षा कमी जनावरे जखमी करतो.

.२२-२५० ला १९६५ मध्ये रेमिंग्टनने कारखानी रूप दिले. तीच ५५ ग्रेनची गोळी ३,६८० फुटांनी जाते आणि ३०० यार्डांवर तिच्यात सुमारे ७९० फूट-पाउंड उरतात, म्हणजे .२२३ च्या २०० यार्डांवरच्या ऊर्जेइतकेच. त्याचा अर्थ साधा: .२२-२५० घेतली की हातात शंभर यार्ड जास्तीचे येतात. बदल्यात आवाज मोठा, काडतूस महाग आणि नळीचा घसा लवकर झिजतो. ही झीज प्रेरी डॉगवर (बिळात राहणारा, खारीच्या कुळातला प्राणी) दिवसभर शेकडो गोळ्या झाडणाऱ्याला भोवते. कोयोटच्या एका बैठकीत एक-दोन गोळ्या झाडणाऱ्याने तिची चिंता करू नये.

.२४३ विंचेस्टर (१९५५) त्यांच्यासाठी, ज्यांना एकाच रायफलने हरीण आणि कोयोट दोन्ही करायचे आहेत. कोयोटला ५८ ते ८७ ग्रेनची व्हार्मिंट (लहान उपद्रवी जनावरांसाठीची) गोळी, हरणाला ९५ ते १००. वाऱ्यात ८७ ग्रेनची गोळी इथल्या सर्वांपेक्षा बरी टिकते. मात्र जवळच्या अंतरावर ५८ ग्रेनची गोळी कातड्याची दुर्दशा करते आणि प्रत्येक वजनाच्या गोळीला झिरो वेगळा लागतो. हरणाच्या गोळीने झिरो केलेली रायफल तशीच कोयोटवर उचलली की गोळी दोन-तीन इंच भलतीकडे जाते. ४ इंचांच्या जागेत एवढी चूक मावत नाही.

एआर-१५ या अर्धस्वयंचलित रायफलमध्ये .३०० ब्लॅकआउट हल्ली रात्रीच्या शिकारीला सप्रेसर (आवाज कमी करणारी नळी) लावून वापरतात. वेगवान ११० ग्रेनची गोळी शंभर-सव्वाशे यार्डांत ठीक. तेच काडतूस सबसॉनिक (ध्वनीपेक्षा कमी वेगाच्या) गोळीने वापरले, तर बहुतेक गोळ्या पसरत नाहीत आणि जनावर जखमी होऊन निघून जाते. सबसॉनिक नको.

आता तुमच्या .३०८ बद्दल. १५० ग्रेनच्या हरणाच्या गोळीपुढे कोयोटचे अंग पातळ पडते. ती पूर्ण उमलायच्या आत पलीकडे निघते किंवा हाडाला लागली तर मोठे भगदाड पाडते. निघाल्यावरही तिच्यात ताकद असते आणि ती बरीच दूर जाऊ शकते. मागे टेकाड नसेल तर ही गंभीर गोष्ट आहे. धक्का .२२३ च्या चौपट किंवा त्याहून जास्त, त्यामुळे गोळी कुठे लागली हे स्कोपमध्ये दिसत नाही आणि दुसरा कोयोट तिथे असेल तर तो तोवर निघून जातो. नवी रायफल येईपर्यंत तिनेच काम चालवायचे असेल तर ११० ग्रेनची व्ही-मॅक्स शोधा. ती फुटते, धक्काही कमी. तिच्यासाठी झिरो नव्याने करा.

ट्विस्टवर थोडे थांबतो, कारण चांगली रायफल आणि चांगली गोळी यांची जोडी इथेच फसते. लांब गोळी हवेत स्थिर राहायला जलद फिरावी लागते. जुन्या .२२३ मध्ये ट्विस्ट १२ इंचांत एक फेरा असतो. त्यात शिशाची ५५ ग्रेनपर्यंतची गोळी चालते. ९ इंचांच्या ट्विस्टमध्ये ४० ते सुमारे ७० ग्रेन, ८ किंवा ७ इंचांच्या ट्विस्टमध्ये ५० पासून ७७ पर्यंत. जुन्या .२२-२५० मध्ये बहुधा १४ इंच. तिथे ५५ च्या पुढे जाऊ नका. उलट चूकही होते: अगदी पातळ आवरणाची हलकी गोळी ७ इंचांच्या ट्विस्टच्या नळीतून पूर्ण वेगाने सोडली, तर फिरण्याच्या जोरानेच ती हवेत फुटू शकते. कागदावर आडवी किंवा लांबट छिद्रे दिसली की समजा, गोळी स्थिर नाही. स्कोप फिरवत बसू नका, गोळी बदला.

शिसेविरहित तांब्याच्या गोळ्या त्याच वजनाला जास्त लांब असतात, म्हणून त्यांना आणखी जलद ट्विस्ट लागतो. टेक्सासमध्ये कोयोटसाठी तशी सक्ती नाही. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून सर्व शिकारीला शिसेविरहित गोळीच लागते, हे तिकडे जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

आणखी एक सुरक्षेची बाब. .२२३ आणि ५.५६ नाटो ही काडतुसे एकमेकांत बसतात, पण चेंबर सारखा नसतो. नळीवर ५.५६ कोरले असेल तर दोन्ही चालतात. .२२३ रेमिंग्टन कोरले असेल तर ५.५६ घालू नका, दाब वाढतो.

झिरो करताना पहिल्या गोळ्या २५ यार्डांवर कागदावर आणा, मग १०० यार्डांवर तीन-तीन गोळ्यांचे गट पाहा. .२२३ मध्ये ५५ ग्रेनची गोळी १०० यार्डांवर दीड इंच वर लागेल असे ठेवा. मग ती २०० वर बरोबर, २५० वर सुमारे ३ इंच खाली आणि ३०० वर साधारण ७ इंच खाली. .२२-२५० मध्ये १०० वर इंचभर वर ठेवले की ३०० वर सुमारे ५ इंच खाली. बहुतेक स्कोपच्या एका टिचकीने १०० यार्डांवर पाव इंच सरकते. गट २ इंच खाली असेल आणि तुम्हाला तो दीड इंच वर हवा, तर साडेतीन इंच म्हणजे १४ टिचक्या. २५ यार्डांवर त्याच एका इंचाला १६ टिचक्या लागतात. नळी गरम झाली की गट सरकतो, म्हणून गटांमध्ये थांबा. कोयोटवर झाडाल ती गोळी थंड नळीतलीच असते. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली गोळी कुठे बसते ते पाहूनच झिरो पक्का धरा.

वाऱ्याचे आकडे पाठ असावेत. ताशी १० मैलांचा आडवा वारा .२२३ च्या ५५ ग्रेनच्या गोळीला २०० यार्डांवर सुमारे ४ इंच आणि ३०० वर सुमारे १० इंच नेतो. .२२-२५० ला ३०० वर साडेआठच्या आसपास, .२४३ च्या ८७ ग्रेनला सहाच्या आसपास. म्हणजे ३०० यार्डांवर यातले कोणतेही काडतूस वाऱ्याचा अंदाज चुकणाऱ्याला वाचवत नाही. जखमी सशाच्या आवाजाने कोयोट बोलावला तर तो बहुधा १५० यार्डांच्या आत येतो, आणि वाऱ्याखालच्या बाजूने वळसा घालून येतो. त्या बाजूला मोकळी जागा राहील असे बसलात, तर लांबच्या नेमाची गरज फारशी पडत नाही. स्कोप ३-९ चा (३ ते ९ पट मोठे दाखवणारा) पुरे. बैठकीवर तो सर्वांत कमी पटीवर ठेवा, नाहीतर ३० यार्डांवर आलेला कोयोट स्कोपमध्ये सापडतच नाही.

तुमची मर्यादा कॅलिबरच्या तक्त्यावरून ठरवू नका. ४ इंचांचा गोल कापा, ज्या पद्धतीने रानात बसणार, दांडीवर किंवा बायपॉडवर (दोन पायांच्या टेकूवर), तसेच बसा आणि पाच गोळ्या झाडा. पाचही आत बसतील ते सर्वांत लांबचे अंतर, ती तुमची हद्द. बहुतेकांची ती दीडशेच्या आसपास निघते, आणि दीडशेपर्यंत .२२३ च्या वर काही लागत नाही.

जनावर ओळखल्याशिवाय बोट घोड्यावर नको. अ‍ॅरिझोना आणि न्यू मेक्सिकोत मेक्सिकन लांडगा, उत्तर कॅरोलिनाच्या पूर्व भागात तांबडा लांडगा. दोन्ही संघराज्याच्या कायद्याने संरक्षित आहेत आणि अंधारात कोयोटसारखे दिसतात. लांडग्याचे डोके रुंद, पाय लांब, अंग बरेच भारी. शंका आली तर सोडून द्या.

शेवटी व्हिसाचे. अमेरिकेच्या संघराज्य कायद्याप्रमाणे तात्पुरत्या व्हिसावर, एच-१बी आणि एफ-१ धरून, आलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतुसे जवळ बाळगता येत नाहीत. यातला नेहमीचा अपवाद म्हणजे अमेरिकेतल्या राज्याने दिलेला, मुदतीतला शिकारीचा परवाना. मित्राची रायफल हातात घेणेही "बाळगण्यात" येऊ शकते, म्हणून आधी परवाना, मग रायफल. ग्रीन कार्ड असलेल्यांना ही अट नाही. दुकानात बंदूक खरेदीचा फॉर्म ४४७३ भरताना व्हिसाचा प्रश्न येतो. तिथे परवाना दाखवावा लागतो आणि उत्तर खरेच द्यावे लागते. टेक्सासमध्ये २ सप्टेंबर १९७१ किंवा त्यानंतर जन्मलेल्याला शिकारीचे शिक्षण पूर्ण करावे लागते. कोयोटला तिथे बंद हंगाम नाही, पण खासगी जमिनीवर मालकाची परवानगी हवी आणि सार्वजनिक रस्त्यावरून गोळी झाडता येत नाही. टेक्सासचा शिकारीचा परवाना ३१ ऑगस्टला संपतो. तुमच्या घरात .३०८ आधीपासून आहे, म्हणजे परवाना संपल्याच्या दिवसापासून ती कपाटात नुसती पडून असली तरी तुम्ही अडचणीत येऊ शकता. नवा परवाना त्या तारखेच्या आत काढून ठेवा, आणि मधे व्हिसाचा प्रकार बदलला तर इमिग्रेशन वकिलाला बंदुकीचा विषय स्पष्ट विचारा.